चार वाजताचा घरजावई

आमच्या राजूरच्या नर्सबाईंनी जेवढ्या डॉक्टरांना डॉक्टरकी शिकवली, तेवढी कुठल्याही मेडिकल कॉलेजने शिकवली नसेल. आणि तीही त्यातल्या एकाही डॉक्टरला कळू न देता. सरकारी दवाखान्यात यायचा तो डॉक्टर बहुधा पहिल्याच नेमणुकीवरचा असे. होल्डॉल घेऊन एस.टी.तून उतरायचा, एक पावसाळा अंगावर घ्यायचा आणि छत्री वाळायच्या आत बदलीचा अर्ज करायचा. बाई त्या सगळ्यांना पाठीमागे ‘लेकरू’ म्हणत. लेकराने चिठ्ठीवर भलतंच औषध लिहिलं, तर बाई चिठ्ठी घेऊन आत जात आणि म्हणत, “साहेब, अक्षर लागंना.” डॉक्टर स्वतःचंच अक्षर वाचायचा, दचकायचा आणि दुरुस्ती करायचा. एका डॉक्टरच्या बाबतीत बाईंना एका सकाळी चार वेळा अक्षर लागलं नाही. शेवटी तो चिडून म्हणाला, “सिस्टर, तुम्हाला वाचता येतं की नाही?” बाई म्हणाल्या, “येतं साहेब, म्हनून तर आले.”

बाई मूळच्या काष्टीकडच्या. उंच, आडव्या हाडाच्या. पांढऱ्या पातळाला गुडघ्याखाली राजूरच्या तांबड्या मातीने आपोआप काठ भरलेला. छातीवर पिनेने टाचलेलं एक घड्याळ असे, ते कैक वर्षं सव्वानऊलाच थांबलेलं होतं. तरी नाडी बघताना बाई त्याच्याकडे टक लावून पाहत. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, “मोजते मी मनात. घड्याळ पेशंटासाठी हाय. त्याला बरं वाटतं.” त्यांच्या मनातलं मोजणं बरोबर असे, हे मी पुढे कॉलेजच्या स्टॉपवॉचवर ताडून पाहिलं आहे. माणसाला विनाकारण शंका घ्यायला शिकवतं, तेच शिक्षण, अशी तेव्हा माझी समजूत होती.

त्यांचं खरं राज्य मात्र लघवीवर होतं. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात डोंगरातल्या गावांची गर्दी व्हायची. त्या गर्दीच्या मधोमध बाई स्पिरिटचा दिवा पेटवून काचेच्या नळीत निळं औषध घ्यायच्या, त्यात पेशंटच्या लघवीचे आठ थेंब सोडायच्या आणि नळी तापवून उजेडाकडे धरायच्या. मग निकाल जाहीर व्हायचा. निळंच राहिलं तर “आभाळ मोकळं!” हिरवं झालं तर “भाताचं खाचर!” पिवळं म्हणजे “हळद लागली!” आणि साखर फार असली, तर नळीत तांबडा गाळ उतरायचा, तेव्हा बाई ओरडायच्या, “गडी ईटभट्टीवर गेला!” खाजगी गोष्ट चारचौघांत सांगू नये, असं त्यांना कोणी सुचवलं की त्या म्हणत, “खाजगी काय त्यात? लगीन वाजवून लावता, मग ह्येबी वाजू द्या. घरात चोरून गूळ खानारा मानूस चार लोकांना भितो, रोगाला न्हाई भीत.”

ज्या वर्षी मी बी.एस्सी. झालो, त्याच वर्षी माझे वडील वीटभट्टीवर गेले. म्हणजे सत्तरच्या दशकाची सुरुवात. आमच्या घराण्यात तोवर कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी संगमनेरला राहून, रसायनशास्त्र घेऊन पास झालो, तेव्हा आबांनी म्हणजे माझ्या वडिलांनी राजूरच्या बाजारात अनोळखी माणसांनाही थांबवून ते सांगितलं होतं. आबा काटकुळे, दिवसभर भाताच्या चिखलात उभे राहणारे. अशा माणसाला साखरेचा रोग व्हावा, याचं साऱ्या गावाला नवल वाटलं, कारण हा रोग पेढीवर बसणाऱ्यांचा असा लोकांचा पक्का समज होता. साखर तेव्हा रेशनवर मिळायची. चुलतचुलते म्हणाले, “आमाला सनाला साखर मिळंना, आन ह्यो गडी रोज मुतून टाकतो!” आबांनाही मनातून थोडा अभिमान वाटला असावा. पोरगा ग्रॅज्युएट आणि बापाला शेठजीचा रोग, एकाच वर्षात दोन बढत्या.

पण उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ वहाणेचा खिळा लागून झालेली जखम भरेना, तेव्हा ती गंमत संपली. नगरच्या मोठ्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं आणि सांगितलं, की महिन्या-दीड महिन्यात साखर आटोक्यात आली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि अंगठ्यावर भागलं तर नशीब. भात लावणाऱ्या माणसाचा पाय म्हणजे काय, ते डोंगरात राहणाऱ्याला सांगायला नको. आबा परतीच्या एस.टी.त एकच वाक्य बोलले, “पाय गेला तर बांधावर बसून लोकांची लावनी बघायची व्हय?”

इंजेक्शन कोणी द्यायचं हा प्रश्न आबांनी स्वतःच सोडवला. “माझा पोरगा ग्रॅज्वेट हाय,” असं त्यांनी बाईंना सांगितलं. बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आमच्याच पिशवीतलं एक वांगं काढून माझ्या हातात दिलं. “आधी ह्याला बरं कर,” म्हणाल्या. मग तीन दिवस मी दवाखान्याच्या ओट्यावर बसून वांग्यांना पाण्याची इंजेक्शनं देत होतो. सुई वाकडी गेली की बाई वांग्याच्या वतीने ओरडायच्या, “आगं आयाया, मेले गं!” आणि ओट्यावरचे सगळे पेशंट हसायचे. विद्यापीठाची पदवी घेतलेल्या माणसाला वांग्याची माफी मागावी लागली आहे, हे मी इथे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी त्या वांग्यांची भाजी करून बाईंनी मला वाढली.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा अशी, की एकदा ऐकलेलं मरेपर्यंत विसरू नये. काचेची सिरिंज उकळायची, ती पाण्याचा खळखळाट ऐकून नव्हे तर “दोनदा मारुतीस्तोत्र म्हनून, येत नसंल तर पाढे म्हन.” रोज एकाच जागी टोचायचं नाही. त्यासाठी त्यांनी आबांच्या दोन्ही मांड्यांवर शाईच्या पेनने चौकोन आखले आणि म्हणाल्या, “ह्ये तुमचे वाफे. आज ह्यात, उद्या त्यात. एकाच वाफ्यात रोज खुरपं घातलं तर जमीन धरंल का?” आबांना हे इतकं पटलं, की पुढे ते टोचून घेताना “आज बांधाकडचा वाफा” असं स्वतःच सांगायचे. आणि इन्सुलिन ठेवायचं गारव्याला. दवाखान्यात फ्रीज कुठला असणार? बाईंनी आपल्या खोलीच्या मागच्या पडवीत ओली वाळू घालून त्यात एक माठ गळ्यापर्यंत पुरला होता. त्यात डब्यात घालून तालुक्याच्या त्या भागातल्या पाच-सहा पेशंटांच्या शिलकी बाटल्या असत; चालू बाटली तेवढी ज्याच्या-त्याच्या घरी. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडण्याचा मान फक्त बाईंचा. त्या माठाला हात लावलेला त्यांना खपत नसे. सोवळ्यातला देव बरा, असं कंपाउंडर म्हणायचा.

सुरुवातीला आबांना साधं इन्सुलिन होतं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा टोचायचं. ते पाण्यासारखं स्वच्छ असतं. बाईंनी बजावलं होतं, “निवळशंख दिसलं पायजे. जरा गढूळ वाटलं तर बाटली फेकून दे, बापाच्या अंगात घालू नको.” हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि दोनदा अधोरेखित केलं. पुढे जे झालं त्याला त्या दोन रेघाही कारण आहेत.

एके दिवशी बाई म्हणाल्या, “आता नगरहून लांब पल्ल्याचं येनार हाय. दिवसातून एकदाच टोचायचं.” आबा खूश झाले. दोन्हींत फरक काय, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, “पह्यलं हाय त्यो जावई. येतो, दंगा करतो, जेवतो आन पाच-सहा तासांत जातो. ह्यो दुसरा घरजावई. सकाळी आला की हळूहळू पाय पसरतो आन दिवसभर हालत न्हाई. दुपार कलली की त्याचा जोर. चारच्या सुमाराला त्याला चतकोर भाकरी दिलीच पायजे. न्हाई दिली तर त्यो तुमालाच खाईल. घाम सुटंल, हातपाय थरथरतील, आन आबा बडबडाय लागतील. तसं झालं तर आधी तोंडात साखर घाला, मग मला बोलवा.” जाताजाता म्हणाल्या, “मी भाच्याच्या लग्नाला काष्टीला चालले. पंधरा दिवसांनी येईन. मधे बाटली आली तर उघडू नको. त्याची रीत निराळी हाय, मी आल्यावर दावते. तवर जावईच चालू दे.”

बाई गेल्या आणि तिसऱ्या दिवशी कंपाउंडरने माठातून बाटली काढून मला दिली. मी थांबायला हवं होतं. पण आबा म्हणाले, “दोनदा कशापायी टोचतोस? तुला विंग्रजी येतं, वाच की त्यावरचं.” बाटलीबरोबर बारीक अक्षरांचा इंग्रजी कागद होता. मी घरच्या ओट्यावर उभा राहून वाचू लागलो, तर त्यात जस्ताचं नाव आलं. जस्त माझ्या ओळखीचं. मग मी सगळ्या घराला जस्ताचे गुणधर्म समजावून सांगितले. आईने कौतुकाने पदर तोंडाला लावला. नगरच्या चिठ्ठीतला डोसाचा आकडा वाचला आणि कागदाची घडी घातली. कागदाला दुसरी बाजू होती, ती मी वाचली नाही.

बाटलीत खाली पांढरा गाळ बसला होता आणि वर स्वच्छ पाणी होतं. वहीतल्या दोन रेघा मला आठवल्या. पण नगरहून आलेली बाटली फेकवेना. तेव्हा आईच मदतीला आली. आमच्याकडे पावसाळ्यात ओढ्याचं पाणी गढूळ येतं. हंड्यात तुरटी फिरवून ठेवायची, गाळ तळाशी बसला की धक्का न लावता वरची निवळ तांब्याने अलगद काढून घ्यायची. आई म्हणाली, “वरचं वरचं घे की. तळ हालवू नगं म्हंजे झालं.” प्रयोगशाळेतही मी तीन वर्षं तेच केलं होतं. हंडा आणि विद्यापीठ यांचं इतकं एकमत झाल्यावर शंकेला जागाच उरली नाही. मी बाटली कोनाड्यात ठेवली, तिला कोणाचा धक्का लागू दिला नाही, आणि रोज सकाळी ती उभीच ठेवून, लांब सुई वरच्या पाण्यात बुडवून डोस काढू लागलो. हात जराही हलत नसे. आबा बघत राहायचे. “सोनाराचा हात हाय,” म्हणायचे.

आठवड्याभरात आबांची तहान वाढली. रात्रीतून चार-पाचदा उठू लागले. कंपाउंडरने तपासलं, तर नळीत पुन्हा तांबडी वीट उतरली. जखमेची कड काळवंडली. नुकताच आलेला नवा डॉक्टर, चांगला मुलगा होता तो, त्याने चिठ्ठीवर डोस दीडपट केला आणि म्हणाला, की येत्या सोमवारपर्यंत फरक नाही पडला तर नगरला न्या, आता वाट पाहण्यात अर्थ नाही. आबांनी त्या दिवशी गोठ्यात जाऊन बराच वेळ बैलांच्या पाठीवरून हात फिरवला.

बाई शनिवारी परतल्या आणि रविवारी सकाळी राजूरहून तीन मैल चालत आमच्या दारात उभ्या राहिल्या. छत्री टेकून आत आल्या, आबांची जखम पाहिली, वाकून वास घेतला. मग माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. “रोज करतोस तसं कर. मी न्हाईच, भिताड हाय असं समज.”

मी सिरिंज उकळली, पाढे म्हटले, दीडपट डोसाची खूण पाहिली. मग दोन्ही हातांनी, भरल्या तुपाच्या वाटीसारखी, कोनाड्यातली बाटली काढली. बारा दिवसांत बाटलीतलं पाणी संपत आलं होतं. तळाशी लोण्यासारखा घट्ट पांढरा थर राहिला होता आणि त्यावर गव्हाच्या दाण्याएवढी निवळ. बाईंनी ती बाटली पाहिली. माझा संथ हात पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते गेलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“वहिनी,” त्या आईला म्हणाल्या, “जरा च्या टाका. आन आबा, तुमी माझ्या ह्या रिकाम्या शिशीत लघवी घिऊन या. सावकाश या.”

दोघं गेल्यावर बाईंनी माझ्या हातातली सिरिंज काढून घेतली. आवाज इतका खाली, की मला पुढे झुकावं लागलं. “ग्रॅज्वेट, औषध गाळात असतं. बाटली तळव्यात धरून हळू फिरवायची, सगळं दुधावानी एक झालं की मग काढायचं. तू बारा दिवस बापाला पानी टोचलंस.”

बाईंनी तळाच्या थरावर नख वाजवलं. “आन ह्ये काय हाय, ठावं हाय? बारा दिवसांचा घरजावई एका जागी बसलाय. वरचं आज सरलं असतं. उद्या तू ह्यातलं दीडपट भरलं असतंस. चार वाजेपतुर तुझा आबा नसता.”

मी रडलो. बाईंनी रडू दिलं नाही. “गप. च्या आला,” म्हणाल्या. परसात जाऊन त्यांनी ती बाटली जमिनीवर ओतली, वर पायाने माती सारली आणि आबा आत येताच, बाजाराच्या दिवशीच्या नेहमीच्या आवाजात जाहीर केलं, “आबा, बाटली नासली हुती! माझ्या माठाचा गारवा कमी पडला बगा, मी नव्हते ना पानी शिंपडाय. पोराची काय चूक न्हाई. पोराचा हात सोन्याचा हाय.” त्यांनी पिशवीतून दुसरी बाटली काढली, माझे दोन्ही तळवे जुळवून त्यांत ती ठेवली आणि वात वळावी तशी फिरवायला लावली. दहादा इकडे, दहादा तिकडे. डोस दीडपट नव्हे, पहिलाच घ्यायला सांगितला. डॉक्टरचं अक्षर म्हणे लागत नव्हतं.

दवाखान्यातही त्यांनी तेच सांगितलं. त्या चांगल्या मुलाने, म्हणजे नव्या डॉक्टरने, नियमाप्रमाणे बाईंना लेखी मेमो दिला आणि माठ बंद करायचा हुकूम काढला. त्यापुढे बाटल्या तालुक्याच्या गावाहून, अकोल्याहून आणाव्या लागत. पाच-सहा पेशंटांना हेलपाटे पडू लागले, आणि बाजारात लोक म्हणू लागले, की बाईंचं आता वय झालं. आबांची साखर खाली आली, जखमेला लाल कोंब फुटले, अंगठा वाचला. आबा ज्याला-त्याला सांगायचे, “नर्सबाईच्या माठानं मारलं हुतं, माझ्या पोरानं तारलं.” मी जवळच उभा असायचो. बाई समोर असल्या तर मान डोलवायच्या, “व्हय व्हय, लई गुनाचं पोरगं हाय.” आणि माझ्याकडे बघून तळव्यावर तळवा फिरवायच्या.

वर्ष संपायच्या आत त्यांची बदली झाली. मेमोमुळे झाली की कशामुळे, मला ठाऊक नाही. सरकारी बदलीला कारण लागतंच असं नाही. मी स्टँडवर गेलो आणि म्हणालो, “बाई, मी डॉक्टरांना खरं सांगतो.” बाई ट्रंकेवर बसून शेंगा खात होत्या. “सांगून काय व्हनार?” त्या म्हणाल्या. “तुझ्या बापाचा तुझ्या सुईवरचा भरवसा जाईल आन उद्यापासून त्यो टोचूनच घेनार न्हाई. माठाचं काय, माठ कुठंबी पुरता येतो. ह्यो घिऊन जा तुला.” त्यांच्या पायाशी तो माठ होता. वाळूचे कण अजून चिकटलेले.

माठ डोक्यावर घेऊन मी घरी आलो. आबांनी तो ओळखला आणि उंबऱ्यातच अडवला. “ह्यो नासका माठ माझ्या घरात नगं.” मग मात्र मला राहवेना. माठ खाली न ठेवता, उंबऱ्याबाहेर उभं राहूनच मी सगळं सांगितलं: कागदाची दुसरी बाजू, हंड्याची निवळ, परसातली माती. आबा ऐकत राहिले. मग आईला म्हणाले, “पडवीत वाळू टाक. ऊन लागंल तिथं नगं.” दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाटली तळव्यात धरून दहादा इकडे, दहादा तिकडे फिरवली. आबांनी मांडीवरचं धोतर बाजूला केलं. “आज मधला वाफा,” म्हणाले.

त्यानंतर भाताच्या बऱ्याच लावण्या आबांनी दोन्ही पायांवर केल्या. मला नोकरी लागल्यावर मी काष्टीला जाऊन बाईंची चौकशी केली. त्या तिथे नव्हत्या, पुढे कुठेतरी गेल्या होत्या, आणि भाचा घरी नव्हता. पुन्हा जायचं राहून गेलं. आबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण आई अजून चार वाजले की बोलताबोलता उठते, टोपल्यातली चतकोर भाकरी ताटलीत घालते आणि ओट्यावर आणून ठेवते. ठेवल्यावर तिच्या लक्षात येतं. मग मी जवळ असलो तर ती मी खातो.